व्यवसायाचे डोमेन घेताना या चुका टाळा

डोमेन म्हणजे वेबसाइटचा इंटरनेटवरील पत्ता. तो घेताना नाशिकमधील व्यावसायिकाची पहिली अडचण खुद्द शहराच्या नावापाशीच उभी राहते. रोमन लिपीत नाशिक 'एस'नंतर 'एच' घालूनही लिहिले जाते आणि त्याशिवायही. त्यामुळे एकच रूप नोंदवणाऱ्याचे ग्राहक दुसरे रूप टाइप करून थेट प्रतिस्पर्ध्याच्या पानावर पोहोचू शकतात. शहराचे नाव हवेच असेल, तर दोन्ही रूपे नोंदवून एक दुसऱ्याकडे वळवावे.

मराठी शब्दांचेही तेच. 'द्राक्ष'मधील 'क्ष'साठी 'के-एस-एच' की 'एक्स', शेवटी 'ए' लावायचा की नाही, यावर दोन माणसांचे एकमत होणे कठीण. म्हणून नाव ठरवण्यापूर्वी ते ओळखीच्या काही जणांना फोनवर सांगून टाइप करायला लावावे. स्पेलिंग समजावून द्यावे लागले, तर ते नाव बाद करावे. नियमानुसार नावात 63 अक्षरे बसतात, पण तेवढी वापरण्याचा मोह कोणाला होऊ नये. 'डॅश' आणि आकडेही टाळावेत.

'डॉट कॉम' मिळाले नाही तर 'डॉट इन' निःसंकोच घ्यावे. 2014 पासून देवनागरीत 'डॉट भारत'ही मिळते. मात्र अनेक ऑनलाइन फॉर्म 'डॉट भारत'वरचा ईमेल पत्ता स्वीकारत नाहीत, तेव्हा ते जोडीला असावे, एकमेव नसावे. दुसऱ्याच्या ट्रेडमार्कशी मिळतेजुळते नाव घेणे तर महागातच पडते, कारण डोमेन नावालाही ट्रेडमार्कसारखे संरक्षण मिळू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने 2004 मध्येच स्पष्ट केले आहे.

सर्वांत घातक चूक मात्र नावाची नसून मालकीची असते. सातपूर-अंबडचे कारखानदार असोत वा मेन रोडवरचे दुकानदार, वेबसाइट बनवणाऱ्यालाच 'डोमेनचेही तुम्हीच बघा' असे सांगून मोकळे होतात, आणि तो ते स्वतःच्या खात्यात, स्वतःच्या ईमेलवर नोंदवतो. पुढे बिलावरून बिनसले की व्यवसायाचा पत्ताच अडकून पडतो. असे झाले असल्यास संबंध बरे असतानाच डोमेन स्वतःच्या खात्यात हलवून घ्यावे. रजिस्ट्रार (डोमेन नोंदवून देणारी कंपनी) बदलायचा असेल तर हस्तांतरण रोखणारे लॉक काढून हस्तांतरणाचा कोड मागावा.

नूतनीकरण चुकून रजिस्ट्रारने 'डॉट कॉम' नाव रद्द केलेच, तर पुढचे 30 दिवस जादा शुल्क भरून ते परत मिळवता येते. त्यानंतर 5 दिवसांनी ते कोणालाही घेता येते. स्वयंचलित नूतनीकरणावर विसंबणाऱ्यांनी खात्याला जोडलेल्या कार्डाची मुदत तपासावी.