मन शांत करायला चित्र कसं काढायचं
ध्यानाला बसलं की माझं मन लगेच मोबाईलकडे धावतं, म्हणून हल्ली मी चित्र काढते. आधी फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, सायलेंटवर नको, दुसऱ्या खोलीतच. मग आपलाच रिकामा हात समोर धरा, पेन कागदावर टेकवा आणि आता कागदाकडे अजिबात बघायचं नाही, नजर हाताच्या कडेवरून मुंगीसारखी हळूहळू सरकवायची नि पेनही त्याच वेगाने, न उचलता. याला ब्लाइंड काँटूर म्हणतात. १० मिनिटं पुरे. चित्र वेडंवाकडं येणारच, येऊ दे, कारण आपण आठवणीतला हात काढत नसतो तर समोरचा खरा हात बघत असतो, आणि मला तरी प्रार्थना यापेक्षा वेगळी वाटत नाही. फोटो काढून स्टेटसला मात्र टाकू नका, तारीख घालून वहीत ठेवा.