मुंबईच्या घरात उडेल असे पहिले हेलिकॉप्टर : कमी खर्चात निवड कशी करावी

रिमोटवर उडणारे पहिले हेलिकॉप्टर विकत घेण्यापूर्वी घरातील सर्वांत मोठी मोकळी जागा टेपने मोजावी आणि मगच बाजारात जावे. मुंबईत ही सूचना अधिकच महत्त्वाची ठरते, कारण नवशिक्याला असे यंत्र घराबाहेर उडवण्याची सोय या शहरात जवळजवळ नाही. तीस-चाळीस ग्रॅम वजनाचे हेलिकॉप्टर समुद्रावरून येणाऱ्या दुपारच्या वाऱ्यात पतंगासारखे वाहत जाते. फरक इतकाच की त्याला मांजा नसतो. दुसरी अडचण नियमांची आहे. ड्रोन, पॅराग्लायडर आणि रिमोटवर चालणारी हलकी विमाने उडवण्यास मनाई करणारे आदेश मुंबई पोलीस वेळोवेळी काढत असतात. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार २५० ग्रॅमपर्यंतच्या 'नॅनो' गटातील यंत्राला चालक-परवान्याची अट नाही हे खरे, परंतु त्या सवलतीमुळे पोलिसांचा मनाई आदेश रद्द होत नाही. त्यातच पश्चिम उपनगरांत जुहू आणि सांताक्रूझ असे दोन विमानतळ जवळजवळ आहेत. तेव्हा 'आधी घेऊ आणि मग रविवारी शिवाजी पार्कात जाऊन उडवू' हा बेत मनातून काढून टाकलेला बरा.

माझ्या पहिल्या हेलिकॉप्टरचा शेवट गच्चीवरच झाला. जून उजाडायला अवकाश होता, हवा पडलेली वाटत होती, म्हणून मी ते पाण्याच्या टाकीशेजारून वर नेले. टाकीचा आडोसा संपताच ते तिरके झाले आणि मी रिमोटची काठी ओढेपर्यंत शेजारच्या इमारतीच्या छज्ज्यावर जाऊन पडले. ते तेथून काढण्यासाठी त्या सोसायटीच्या सचिवांची जी मनधरणी करावी लागली, तिच्यापुढे यंत्राची किंमत काहीच नव्हती. त्या दिवसापासून मी हेलिकॉप्टर घराच्या मापानेच घेतो.

दहा बाय बारा फुटांच्या हॉलमध्ये सोफा भिंतीला सरकवून जी जागा उरते, तिला वीस-बावीस सेंटिमीटर लांबीचे हेलिकॉप्टर शोभते. त्याच किमतीत किंवा थोडे अधिक पैसे टाकून हातभर लांबीचे मोठे हेलिकॉप्टर मिळते आणि दुकानदारही तेच पुढे करतो, कारण खोक्याचा आकार गिऱ्हाइकाला भुलवतो. घरात मात्र ते वळायला जागा मागते, त्याची पाती अधिक जोराने लागतात, आणि वजन जास्त असल्यामुळे पडल्यावर तुटतेही जास्त. लहान हेलिकॉप्टर भिंतीवर आपटले तर बहुधा नुसते खाली येते.

आकार ठरल्यावर रोटरकडे, म्हणजे माथ्यावरच्या फिरत्या पंख्याकडे पाहावे. पंखा एका दिशेने फिरू लागला की त्याच्या प्रतिक्रियेने हेलिकॉप्टरचे अंग उलट दिशेने गिरकी घेऊ पाहते. ही गिरकी थांबवण्याचे दोन मार्ग आहेत. एक म्हणजे शेपटीवर बाजूला तोंड करून लहान पंखा बसवणे. नौदलाच्या चेतक हेलिकॉप्टरला असा शेपटीचा पंखा आहे. दुसरा म्हणजे एकाच दांडीवर एकावर एक असे दोन रोटर उलटसुलट दिशांनी फिरवणे, जेणेकरून दोघांची ओढ परस्परांत मिटते. नौदलाच्याच कामोव्ह हेलिकॉप्टरांची रचना अशी आहे. नवशिक्याने हा दुसरा, म्हणजे कोअॅक्सिअल प्रकारच घ्यावा. त्याच्या माथ्यावर दोन्ही टोकांना वजन असलेली एक आडवी दांडी असते. ती फिरताना आपली पातळी सहजासहजी सोडत नाही आणि वरच्या रोटरला जोडलेल्या कडीतून यंत्राला सावरत राहते. काठी सोडून दिली तरी असे हेलिकॉप्टर डुलत डुलत स्वतःच सरळ होते. एकाच रोटरचे चार चॅनेलचे, म्हणजे चार हालचालींवर ताबा देणारे हेलिकॉप्टर दिसायला अधिक खरे वाटते, पण ते बाजूलाही सरकते आणि त्याला सतत धरून ठेवावे लागते. ज्यात पात्यांचा कोनच बदलता येतो, ते सहा चॅनेलचे कलेक्टिव्ह पिच हेलिकॉप्टर तर उलटेही उडते. ते पहिल्या खरेदीत कितीही स्वस्त मिळाले तरी घेऊ नये.

चॅनेल म्हणजे एका वेळी किती हालचालींवर आपला ताबा आहे त्यांची संख्या. वर-खाली, डावी-उजवी गिरकी आणि पुढे-मागे या तीन हालचाली पहिल्या यंत्राला पुरेशा आहेत. दोन चॅनेलच्या अगदी स्वस्त खेळण्यात पुढे-मागे जाण्यावर ताबा नसतो. ते आपल्या मर्जीने पुढे सरकत राहते, म्हणून ते टाळावे. काही खोक्यांवर 'साडेतीन चॅनेल' असे छापलेले असते. आपल्याकडे साडेतीन मुहूर्त आहेत आणि पेशवाईत साडेतीन शहाणेही होऊन गेले, पण त्यांतला अर्धा कोण हे निदान माहीत असते. या खोक्यावरचा अर्धा चॅनेल नेमके काय करतो हे कंपनीगणिक बदलते. त्या अर्ध्यासाठी वेगळे पैसे मोजू नयेत. जायरो मात्र हवाच. जायरो शेपटीची अनपेक्षित गिरकी ओळखून दोन्ही रोटरांचा वेग आपोआप कमी-अधिक करतो, आणि तो नसेल तर शिकणाऱ्याचा सारा वेळ नाक सरळ ठेवण्यातच जातो.

या वर्गातले सर्वांत ओळखीचे मॉडेल म्हणजे सायमा कंपनीचे एस १०७ जी. त्याची लांबी सुमारे बावीस सेंटिमीटर, चौकट धातूची, चॅनेल तीन, जायरो बसवलेला आणि बॅटरी १५० एमएएच क्षमतेची आहे. एका चार्जिंगवर ते सात-आठ मिनिटे उडते. त्याच्या शेपटीवरचा पंखा बाजूला नव्हे, तर वर तोंड करून बसवलेला असतो. तो शेपूट उचलतो किंवा दाबतो, आणि त्यामुळे नाक झुकून यंत्र पुढे किंवा मागे जाते. हेच मॉडेल घ्यावे असा माझा आग्रह नाही, पण दुसरे कोणतेही पाहताना तुलनेसाठी हे माप मनात असू द्यावे.

त्याचा रिमोट इन्फ्रारेड आहे, आणि येथे मुंबईच्या घरातील एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. इन्फ्रारेड म्हणजे टीव्हीच्या रिमोटसारखाच न दिसणारा प्रकाश. तो काही मीटरच पोहोचतो, मध्ये माणूस आला तर अडतो आणि थेट उन्हात निष्प्रभ होतो. आमचा हॉल पश्चिमेला आहे. संध्याकाळी साडेपाचला गॅलरीच्या ग्रिलमधून फरशीवर उन्हाचे पट्टे पडतात, आणि हेलिकॉप्टर त्या पट्ट्यात शिरले की क्षणभर ऐकेनासे होते व धप्पकन बसते. पडदा ओढला की सर्व सुरळीत चालते. ही कटकट नको असेल तर २.४ गिगाहर्ट्झच्या रेडिओ रिमोटचे मॉडेल पाहावे. त्याला ऊन अडवत नाही आणि एकाच घरात अनेक यंत्रे एकमेकांत न गुंतता उडवता येतात. किमतीतील फरक चार-पाचशे रुपयांचा असेल तर मी रेडिओच घेईन; फरक दुपटीचा असेल तर पडदा ओढीन.

रिमोटचे मागचे झाकण दुकानातच उघडून पाहावे. त्यात चार पेन्सिल सेल लागतात की सहा, हा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण सहा सेल दर दीड-दोन महिन्यांनी बदलावे लागले तर खर्चाचा अंदाज चुकतो. रिचार्ज होणारे सेल घरात असतील तर हा मुद्दा सोडून द्यावा.

'अल्टिट्यूड होल्ड' ही सोय अलीकडे स्वस्त यंत्रांतही येते. हवेच्या दाबावरून यंत्र आपली उंची ओळखते आणि काठी मध्यावर सोडली की तेथेच थांबते. आठ-दहा वर्षांच्या मुलासाठी खरेदी असेल तर ही सोय जरूर घ्यावी, कारण मूल पहिल्याच दिवशी कंटाळत नाही. स्वतःला पुढे मोठे हेलिकॉप्टर शिकायचे असेल तर ती नसलेले घ्यावे, कारण डाव्या अंगठ्याने उंची राखणे हाच या छंदाचा पहिला धडा आहे.

आता सुटे भाग. माझ्या मते कमी खर्चातील खरेदी फसते ती बहुतेक वेळा येथेच. माझे दुसरे हेलिकॉप्टर मी फुटपाथवरच्या एका विक्रेत्याकडून घासाघीस करून घेतले आणि चौथ्या दिवशी त्याच्या खालच्या दातेरी चाकाचे तीन दात गेले. ते चाक पुन्हा कोठेही मिळाले नाही, कारण खोक्यावर ना कंपनीचे नाव होते ना मॉडेलचा क्रमांक. ते अजून कपाटावर आहे. म्हणून पैसे देण्यापूर्वी विचारावे, की याची पाती, माथ्यावरची दांडी, शेपटीची नळी आणि दातेरी चाके सुटी मिळतात का, आणि मिळत असतील तर पात्यांचा एक जादा संच तेव्हाच घ्यावा. वरच्या आणि खालच्या रोटरची पाती वेगळी असतात, कारण ती उलट दिशांनी फिरतात. त्यांच्यावर सहसा ए आणि बी अशी खूण असते. अदलाबदल झाली तर यंत्र जमीन सोडत नाही आणि नवशिक्या मोटर गेली असे समजून बसतो. दोन हजार रुपयांचे बजेट असेल तर सोळाशेचे यंत्र आणि चारशेचे सुटे भाग हा हिशेब दोन हजारांच्या यंत्रापेक्षा अधिक टिकतो.

खरेदी कोठे करावी याचे उत्तर हेतूवर अवलंबून आहे. क्रॉफर्ड मार्केटजवळच्या अब्दुल रेहमान स्ट्रीटवर खेळण्यांची दुकाने ओळीने आहेत आणि तेथे हातात घेऊन पाहता येते. बॅटरी, कनेक्टर, सोल्डरिंगचे साहित्य लागले तर ग्रँट रोड स्थानकाजवळचा लॅमिंग्टन रोड बरा. ऑनलाइन घेतल्यास खोके उघडतानाचे चित्रण मोबाइलवर करून ठेवावे. लहान मुलासाठी घेताना आयएसआय चिन्ह पाहावे. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना ते बंधनकारक आहे, आणि चिन्हासोबत छापलेला परवाना क्रमांक 'बीआयएस केअर' या अॅपवर तपासता येतो. ज्या खोक्यावर '१४+' लिहिले आहे, ते यंत्र लहान मुलासाठी बनवलेलेच नाही असे समजावे.

दुकानात यंत्र चालवून दाखवायला सांगण्यात संकोच करू नये. आधी बंद स्थितीत पाती बोटाने फिरवावीत. ती स्क्रूभोवती सैलसर हलली पाहिजेत, कारण कशावर आपटल्यास मागे दुमडणारे पातेच वाचते. माथ्यावरची दांडी विनाअडथळा झुलली पाहिजे. मग यंत्र सुरू करून फिरणारी पाती डोळ्यांच्या पातळीवरून, पण हातभर अंतर राखून पाहावीत. एका रोटरच्या दोन्ही पात्यांची टोके एकाच रेषेत फिरत असतील तर ठीक. दोन रेषा दिसल्या किंवा अंगाला थरथर जाणवली तर दुसरा नग मागावा. यंत्र हवेत जाताच संथपणे गोल फिरू लागले तर घाबरण्याचे कारण नाही. रिमोटवरचे ट्रिमचे, म्हणजे दिशा किंचित जुळवून घेण्याचे बटण विरुद्ध दिशेला दाबून ती गिरकी थांबते का, एवढेच पाहावे. ट्रिम शेवटपर्यंत नेऊनही थांबली नाही तर तो नग घेऊ नये.

बॅटरी लिथियम पॉलिमर जातीची असते आणि तिच्याशी शिस्तीने वागावे लागते. चार्जिंग चालू असताना झोपू नये किंवा बाहेर जाऊ नये, आणि ते गादीवर न करता फरशीवर किंवा ओट्यावर करावे. सोबत आलेली यूएसबी वायरच वापरावी. उडून आलेली गरम बॅटरी लगेच चार्जिंगला लावू नये. दहा-पंधरा मिनिटांची विश्रांती मोटरलाही मानवते. उचल कमी झाल्याचे जाणवताच उतरावे, कारण ३.७ व्होल्टची ही बॅटरी पार उपसली तर कायमची कमजोर होते. पावसाळ्यात यंत्र बरेच दिवस ठेवून द्यायचे असेल तर बॅटरी अर्धवट भरलेली ठेवावी. फुगलेली बॅटरी दाबू नये, टोचू नये आणि ओल्या-सुक्या कचऱ्यात न टाकता ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात द्यावी.

पहिल्या संध्याकाळी छताचा पंखा बंद करावा आणि त्याच्या बटणावर कागद चिकटवावा, कारण उकाड्याने कोणीतरी तो लावतोच. हेलिकॉप्टर खोलीच्या मध्यभागी, शेपूट आपल्याकडे करून ठेवावे. जमिनीपासून वीतभर उंचीवर स्वतःच्याच वाऱ्याने ते भेलकांडते, म्हणून तेथे रेंगाळू नये. थ्रॉटल, म्हणजे उंचीची काठी, सावकाश पण न थांबता देऊन कमरेइतक्या उंचीवर न्यावे. पाते कशालाही लागले की लगेच थ्रॉटल शून्यावर आणावा. अडकलेल्या मोटरला जोर देत राहिल्यानेच दातेरी चाके जातात. प्रत्येक खेळानंतर शेपटीच्या पंख्याचा दांडा भिंगातून किंवा मोबाइलचा कॅमेरा जवळ नेऊन पाहावा. आमच्याकडे एकदा तो फिरेनासा झाला तेव्हा त्यावर एक लांब केस आठ-दहा वेढे घेऊन बसला होता. सुईने उकलून काढल्यावर मोटर पुन्हा चालू झाली.

शेपूट आपल्याकडे असताना स्थिर उभे करणे जमल्यावर नाक आपल्याकडे वळवून तोच सराव करावा. आता डावे-उजवे उलटे होते आणि बोटे पुन्हा चुकू लागतात. या स्थितीत हेलिकॉप्टर मिनिटभर एका फरशीच्या वर धरून ठेवता येऊ लागले की मगच चार चॅनेलच्या, एका रोटरच्या यंत्राची किंमत विचारायला जावे.