सिकाडाची कात गोळा करताना या चुका टाळा

मे महिना सरत आला आणि पाऊस अजून काही दिवसांवर असला, की कोकणातल्या आणि घाटमाथ्यावरच्या झाडांच्या खोडांवर तपकिरी रंगाची, आतून पोकळ अशी कीटकांची टरफले चिकटलेली दिसू लागतात. ही सिकाडाची, म्हणजे झाडांवर मोठ्याने आवाज काढणाऱ्या एका कीटकाची, कात होय. उन्हासमोर धरली तर तिच्यातून प्रकाश आरपार दिसतो आणि डोळ्यांपासून पायांच्या नख्यांपर्यंत कीटकाचा बाहेरचा प्रत्येक अवयव तिच्यात साच्यासारखा उमटलेला असतो. मुले आणि हौशी निसर्गनिरीक्षक ती आवडीने गोळा करतात. पण गोळा केलेल्या बहुतेक काती वर्षभरात पाय तुटलेल्या, बुरशी धरलेल्या आणि कुठल्या गावच्या, कोणत्या झाडावरच्या याचा काहीही ठावठिकाणा नसलेल्या अशा अवस्थेत एखाद्या डब्याच्या तळाशी सापडतात. या लहानशा टरफलात किती माहिती साठलेली असते हे एकदा कळले, की ही नासाडी जिवाला लागते.

कात रिकामी आहे याची खात्री न करणे

सर्वांत गंभीर चूक हीच आहे, कारण तिची किंमत जिवंत कीटकाला मोजावी लागते. सिकाडाचे पिल्लू जमिनीखाली झाडांच्या मुळांतला रस शोषत वाढते, वाढताना पाच अवस्थांमधून जाते आणि पाचव्या अवस्थेत, बहुधा संध्याकाळनंतर, माती उकरून वर येते. खोडावर, पानाच्या मागे किंवा कुंपणाच्या खांबावर नख्या घट्ट रोवून ते स्थिर होते. मग छातीच्या पाठीकडच्या बाजूस मधोमध उभी फट पडते आणि तिच्यातून मऊ, फिकट रंगाचा प्रौढ सिकाडा हळूहळू बाहेर सरकतो. तो आधी मागच्या बाजूला वाकून लोंबकळत राहतो. पाय थोडे कडक झाले की अंग वर उचलून त्याच कातीला धरतो आणि पोटाचे टोक शेवटी मोकळे करतो. त्यानंतर सुरकुतलेल्या पंखांत शरीरातला द्रव भरून पंख पसरतात. पंख वाळून उडण्याजोगे व्हायला पुढे आणखी काही तास जातात, आणि तेवढा वेळ त्या जिवाचा एकमेव आधार म्हणजे ती कातच असते. अशा वेळी कात हलवली, किंवा कीटकाला उचलून हातावर घेतले, तर तो खाली पडतो, पंख चुरगळलेलेच वाळतात आणि त्याला पुढे कधीही उडता येत नाही.

म्हणून रात्री टॉर्चच्या उजेडात दिसलेल्या कातीला हात लावू नये. फक्त जागा लक्षात ठेवावी आणि दुसऱ्या दिवशी ऊन चढल्यावर जावे. पाठीवर फट नसेल, तर ती कात नव्हे. आत पिल्लू जिवंत असेल किंवा कात टाकण्यापूर्वीच मेले असेल. दोन्ही प्रसंगी ते आहे तिथेच राहू द्यावे.

नावात आणि ओळखीत होणारी गल्लत

पुष्कळ जण या टरफलाला कोष म्हणतात, पण सिकाडाच्या आयुष्यात फुलपाखरासारखी कोषावस्था नसतेच. तुडतुडे, मावा आणि ढेकूण यांच्याप्रमाणे तो सोंडेने रस शोषणाऱ्या कीटकांच्या गणातला आहे, आणि या गणात पिल्लू प्रत्येक वेळी कात टाकून वाढत वाढत प्रौढ होते. रातकिड्याशी होणारी गल्लत तर आणखी जुनी आहे. रातकिडा हा नाकतोड्यांच्या गणातला असून तो पंखावर पंख घासून आवाज काढतो, तर सिकाडाचा नर पोटाच्या बाजूंवरचे दोन ताणलेले पडदे स्नायूंनी आतबाहेर करून आवाज काढतो. दोघांच्या कातीही सहज वेगळ्या ओळखता येतात: रातकिड्याच्या कातीला लांबलचक मिशा आणि उडी मारणारे मागचे पाय असतात, शिवाय अनेक रातकिडे आपली कात स्वतःच खाऊन टाकत असल्यामुळे ती क्वचितच हाती लागते. सिकाडाच्या कातीचे पुढचे दोन पाय माती उकरण्यासाठी जाड आणि काटेरी झालेले असतात. तळ्याकाठी लव्हाळ्यावर सापडणारी कात मात्र बहुधा चतुराची असते. तिच्या डोक्याखाली दुमडलेला, मुखवट्यासारखा खालचा ओठ पाहावा, म्हणजे शंका राहत नाही.

पाठीवरची फट पाहून सिकाडा ओरडून ओरडून फुटला असा समज होऊ शकतो. वस्तुस्थिती उलट आहे: कात टाकून प्रौढ झाल्यावरच नराला आवाज काढता येतो. फटीतून लोंबणारे पांढरे धागे पाहूनही अनेकांना ती बुरशी किंवा कोळ्याचे जाळे वाटते आणि ते धागे उपटून टाकले जातात. कीटक ज्या नळ्यांतून श्वास घेतो, त्या नळ्यांचे आतले अस्तर कातीबरोबर बाहेर ओढले जाते, आणि हे धागे म्हणजे तेच अस्तर असते. माझ्या मते कातीचा सर्वांत थक्क करणारा भाग हाच आहे. शरीराच्या आतपर्यंत गेलेली कात इतक्या सहज दुसरीकडे कुठे पाहायला मिळते?

नुसत्या रंगावरून जात ठरवणे हीदेखील चूकच आहे. उन्हाने रंग उतरतो, आणि काही जातींच्या कातीवर मातीचा जाड थर असतो, तो मळ समजून धुऊन काढला तर ओळखीची एक खूण नाहीशी होते. पुढच्या पायांच्या मांड्यांवरचे काटे, मिशांचे पेर आणि पोटाचे टोक यांची जवळून छायाचित्रे घेणे जास्त उपयोगाचे ठरते.

खेचून काढणे

वाळलेली कात बोटांत धरून सरळ मागे ओढली, की पाय सालीत अडकून राहतात आणि हातात नुसते धड येते. नख्या सालीच्या खाचेत रुतलेल्या असल्यामुळे कात आधी डोक्याच्या दिशेने किंचित वर सरकवावी आणि मग अलगद उचलावी. ती फारच ठिसूळ झाली असेल, तर साल न सोलता, शक्य असल्यास ती ज्यावर आहे ती बारीक काडी किंवा ते पान कातीसह तोडून आणावे. पाय आत वळलेली कात घरी नीट मांडायची असल्यास ओलसर टीपकागद ठेवलेल्या बंद डब्यात ती काही तास ठेवावी. पाय मऊ पडतात आणि न मोडता हलवता येतात. नंतर मात्र ती सावलीत पूर्ण वाळवली पाहिजे.

प्लास्टिकच्या पिशवीत साठवणे

कोकणातल्या पावसाळ्यात ही चूक आठवड्याभरात उघडी पडते. कातीचे कायटिन (कीटकांच्या टणक आवरणातला मुख्य पदार्थ) आणि कठीण झालेली प्रथिने सहज कुजत नाहीत, पण तिच्यावरच्या मातीला आणि आत शिरलेल्या कोळ्यांच्या किंवा मुंग्यांच्या अवशेषांना दमट पिशवीत बुरशी लागते. पुठ्ठ्याच्या किंवा काचेच्या डब्यात कापूस घालून त्यावर कात ठेवावी आणि सोबत ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलची पुडी ठेवून ती वेळोवेळी बदलावी. डांबरगोळ्या घालण्याची सवय सोडलेली बरी, कारण त्यांची वाफ आरोग्याला अपायकारक आहे आणि काही प्रकारचे प्लास्टिकही तिने खराब होते. कीड लागल्याचा संशय आल्यास कात घट्ट बंद पिशवीत घालून काही दिवस फ्रीझरमध्ये ठेवणे अधिक सुरक्षित आहे.

आणखी काही गोष्टी, थोडक्यात

काती दिसल्या म्हणून आंब्या-काजूवर फवारणी करू नये. कात काही खात नाही, प्रौढ सिकाडा पाने कुरतडत नाही, आणि मोठ्या झाडाला मुळांतल्या रसशोषणाचा फारसा उपद्रव होत नाही. मोहोर जाळणारे तुडतुडे हे काही मिलिमीटर लांबीचे वेगळेच कीटक आहेत. चीनच्या पारंपरिक वैद्यकात ही कात वापरतात हे ऐकून ती घरी कुटून कोणालाही देऊ नये, विशेषतः कोळंबी-खेकड्याची ॲलर्जी असणाऱ्याला तर मुळीच नाही. अभयारण्यातून आणि राष्ट्रीय उद्यानातून परवानगीवाचून काहीही उचलता येत नाही, आणि देवराईतली वाळकी काडीही न नेण्याचा गावाचा रिवाज असेल तर तो कातीलाही लागू आहे. तिथे छायाचित्र पुरेसे आहे.

प्रत्येक सिकाडा सतरा वर्षे जमिनीत राहतो हे विधानही सरसकट करू नये. तेरा आणि सतरा वर्षांची चक्रे उत्तर अमेरिकेतल्या मोजक्या जातींची आहेत. आपल्या देशात मेघालयातल्या री-भोई जिल्ह्यात क्रेमिस्टिका रिभोई ही जात दर चार वर्षांनी एकदम बाहेर पडते. तिचे शास्त्रीय वर्णन २०१३ मध्ये झाले.

नोंद न ठेवणे आणि चुकीची मोजणी

गाव, तारीख, झाड आणि जमिनीपासूनची उंची एवढे चार तपशील लिहिलेली चिठ्ठी नसेल, तर कात शोभेची वस्तू म्हणून उरते. तारखेबाबत एक सावधगिरी हवी. कात झाडावर आठवडेच्या आठवडे टिकते, त्यामुळे ती सापडलेला दिवस म्हणजे सिकाडा बाहेर पडल्याचा दिवस नव्हे. मोजणी करायची असल्यास पहिल्या दिवशी निवडलेल्या पाच-दहा झाडांवरच्या सर्व जुन्या काती काढून घ्याव्यात, आणि दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी त्याच झाडांवरच्या नव्या काती मोजाव्यात. जोराचा पाऊस झाल्यास खोडाखालचा पालापाचोळाही पाहावा, नाहीतर गळून पडलेल्या काती हिशेबातून सुटतात आणि त्या दिवशी सिकाडा कमी निघाले असा खोटा निष्कर्ष निघतो.

मोजताना कात उलटी करून पोटाचे टोक भिंगाखाली पाहावे. मादीच्या कातीवर अंडी घालण्याच्या अवयवाच्या आवरणाची उभी खूण दिसते, नराच्या कातीवर ती नसते. अनेक जातींमध्ये नर मादीच्या काही दिवस आधी बाहेर पडतात. म्हणून नर आणि मादी असे दोन रकाने पहिल्या सकाळपासून वेगळे ठेवावेत, कारण सगळ्या काती एकाच डब्यात मिसळल्यावर हा क्रम पुन्हा लावता येत नाही.