गावातून साबण, उटणं आणि मलम: वनौषधींवरचा त्वचा-निगा उद्योग सुरू करताना

हा उद्योग सुरू करायचा म्हटलं की बहुतेक जण आधी कोरफडीच्या जेलकडे वळतात, कारण बांधावर कोरफड आयतीच मिळते. पहिलं वर्ष तरी तिकडे जाऊ नका. ताज्या गरात पाणीच पाणी असतं. योग्य परिरक्षक (माल टिकवणारा पदार्थ) नसेल तर तो काही दिवसांत आंबतो, आणि बुरशी डोळ्यांना दिसण्याआधीच तो त्वचेला लावण्याजोगा राहिलेला नसतो. सुरुवात बिनपाण्याच्या मालाने करा: साबण, उटणं, मलम. साबणाला पाणी लागतं, पण वाळवणीत त्यातलं बरंचसं उडून जातं आणि अल्कलीमुळे त्यात जंतू वाढत नाहीत.

गडचिरोली, गोंदिया, भंडारा भागात मोहाच्या टोळीचं, म्हणजे बियांचं, तेल मिळतं. टोळी वेचली जाते ती पावसाच्या तोंडावर, जून-जुलैत, त्यामुळे ती भिजून बुरसण्याची भीती असते. अशा टोळीच्या तेलात आम्लता जास्त असते. मग साबण हलवता हलवता भांड्यातच घट्ट होतो, आणि दोन-तीन महिन्यांत वडीवर खवट वासाचे नारिंगी डाग पडतात. म्हणून घाण्यावर जाऊन टोळी फोडून पाहा. आतला गर काळपट असेल तर तेल घेऊ नका. ज्या गावांना सामूहिक वनहक्क मिळाले आहेत, तिथे ग्रामसभेकडून थेट खरेदी केली तर मालाची पारखही होते आणि पैसा गावात राहतो.

१ किलो तेलाचा घाणा (एका वेळी करायचा साबण) असा धरा: मोह ४०० ग्रॅम, खोबरेल ३५० ग्रॅम, करंज १५० ग्रॅम, एरंडेल १०० ग्रॅम. याला कॉस्टिक सोडा १४४ ग्रॅम आणि पाणी ३०० ग्रॅम. सोड्याच्या या मापात सुमारे ५ टक्के तेल मुद्दाम मोकळं ठेवलं आहे, म्हणजे वडी त्वचेला कोरडी करत नाही. तेल बदललं की सोड्याचा हिशोबही बदलतो. खोबरेलाला ग्रॅममागे साधारण ०.१८३ ग्रॅम सोडा लागतो, मोहाला ०.१३६ च्या आसपास, एरंडेलाला ०.१२८. एकाच्या जागी दुसरं तेल ओतून जुनंच माप ठेवलं तर वडी एक तर चिकट राहील किंवा अंग जाळेल. सगळं, अगदी पाणीसुद्धा, १ ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर तोला. मोहाचं तेल थंडीत थिजतं आणि जड भाग तळाशी बसतो. डबा आधी कोमट पाण्यात ठेवून नीट ढवळा, मगच माप घ्या.

सोडा नेहमी पाण्यात टाकायचा. सोड्यावर पाणी ओतलं की ते उसळून अंगावर येतं. भांडं स्टीलचं किंवा जाड प्लास्टिकचं हवं, ॲल्युमिनियमचं अजिबात नको. चष्मा आणि रबरी हातमोजे घाला, दारं उघडी ठेवा, लेकरं आसपास नकोत. अंगावर थेंब उडाला तर वाहत्या पाण्याखाली बराच वेळ धुवा. लिंबू-व्हिनेगर चोळू नका. सोड्याचं पाणी आणि तेल दोन्ही ४० अंशांच्या आसपास आली की एकत्र करा. मे महिन्यात चंद्रपूरकडे खोलीच तितकी तापलेली असते. तेव्हा पहाटे काम करा, सोड्याचं पाणी गार पाण्याच्या टपात ठेवून निववा आणि साचा झाकू नका, नाहीतर मिश्रण मधोमध फुगून तडकतं. थंडीत उलट करायचं: साचा पोत्याने झाकायचा.

दुसऱ्या दिवशी वड्या कापा आणि बांबूच्या ताट्यांवर सावलीत, हवेशीर जागी ४ ते ६ आठवडे ठेवा. वाळताना वजन १० ते १५ टक्के घटतं, म्हणून १०० ग्रॅम छापायचे असतील तर ओली वडी १२० ग्रॅमची कापा. या घाण्यातून अशा १२ वड्या निघतात. ओल्या पीएच पट्टीवर ९-१० दिसायला हवं. ११ च्या वर गेलं तर विकू नका. पावसाळ्यात साबण हवेतलं पाणी ओढून घामेजतो. वर्षाचा बराच साठा नोव्हेंबर ते फेब्रुवारीत बनवून, कागदात बांधून ठेवावा हे उत्तम.

उटण्यासाठी नागपुरी संत्र्याची साल. मृग बहाराची फळं फेब्रुवारी-मार्चमध्ये येतात तेव्हा हवा कोरडी असते, आणि सावलीत पसरलेली साल काही दिवसांत वाळते. मेण चढवलेल्या फळांची साल घेऊ नका. बागायतदाराला शेवटची फवारणी कधी झाली ते विचारा. मोडताना साल ‘कट्’ वाजली पाहिजे. वाकली तर अजून ओलसर आहे. १ किलोला मुलतानी माती ६०० ग्रॅम, सालीची पूड ३००, कडुनिंबाची पानं ६० आणि हळद ४०. हळद याहून वाढवली तर चेहरा पिवळा आणि टॉवेल खराब. समुद्रपूर तालुक्यातल्या वायगावच्या हळदीला भौगोलिक मानांकन आहे. ती वापरली तर पाकिटावर तसं लिहा. बेसन घालू नका, पावसाळ्यात हमखास किडे होतात.

मलमाचं माप सोपं आहे: मधमाशीचं मेण २५ ग्रॅम, तीळतेल ५०, मोहतेल २५. उन्हाळ्यासाठी मेण ३० करा आणि तीळतेल ४५. पत्र्याच्या खोलीत डबी दुपारभर ठेवून पाहा, वितळली नाही तरच बाजारात न्या.

आता कागदपत्रं, कारण इथे बरेच गट अडकतात. विक्रीसाठी सौंदर्यप्रसाधनं बनवायची तर १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आणि २०२० चे सौंदर्यप्रसाधने नियम लागू होतात. परवाना अन्न व औषध प्रशासनाकडून मिळतो. तिथे जागेचा नकाशा, यंत्रांची यादी आणि डी. फार्म (औषधनिर्माणातली पदविका) झालेल्यासारखी तांत्रिक व्यक्ती दाखवावी लागते. हे झेपत नसेल तर परवानाधारक कारखान्यात आपला माल बनवून घेण्यासाठी लोन लायसन्स असतं. ‘गजकर्ण बरं होतं’, ‘इसब जातो’ असं काहीही छापू नका. रोगाचा दावा केला की माल औषधात मोडतो आणि परवाना वेगळा लागतो. वेष्टनावर घटक, बॅच नंबर, परवाना क्रमांक, निव्वळ वजन, महिना-वर्ष, एमआरपी आणि तक्रारीसाठी पत्ता-फोन हवा. वर्ध्याच्या मगनवाडीतली एमगिरी ही संस्था ग्रामीण उद्योगांची प्रशिक्षणं घेते; सोड्याला हात लावण्याआधी तिथे चौकशी करा. भांडवलासाठी पीएमईजीपी (प्रधानमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम) पाहा. गावातल्या प्रकल्पाला सर्वसाधारण गटात २५ टक्के, तर महिला, अनुसूचित जाती-जमाती अशा विशेष गटांना ३५ टक्के अनुदान आहे.

विक्री आठवडी बाजारात आणि बचत गटांच्या प्रदर्शनात सुरू होते. नियमित गिऱ्हाईक हवं असेल तर ताडोबा-पेंचकडची रिसॉर्ट आणि होमस्टे गाठा. त्यांना २५ ग्रॅमच्या लहान वड्या लागतात, बिल लागतं, आणि प्रत्येक खेपेला रंग-वास तोच लागतो. म्हणून नोंदवहीत दर घाण्याची तारीख, तेल कुठून आलं आणि मापं लिहा. त्याच बॅचची एक वडी स्वतःजवळ वर्षभर ठेवा. खाज सुटल्याची तक्रार आली तर नेमकं कुठलं तेल बिघडलं हे शोधायला या दोन्हींची मदत होते.