नारळाचा रस घातला की उसळ फुटायची, त्यावर सापडलेला उपाय

ओल्या काजूच्या उसळीत नारळाचा रस घातला की पाच मिनिटांत वर तेलाचा तवंग आणि खाली दह्यासारख्या कण्या. चव ठीक, पण पानात वाढायची लाज वाटे. तांदळाचं पीठ लावून पाहिलं, उसळ खळीसारखी झाली. सतत ढवळूनही फुटायची ती फुटलीच.

जमलं ते असं. एका नारळाचा चव (खवलेलं ओलं खोबरं) अर्धी वाटी कोमट पाण्यात वाटून घट्ट पिळला. हा जाड रस बाजूला. त्याच चोथ्यात दीड वाटी पाणी घालून पुन्हा वाटला, हा पातळ रस. काजू, वाटण, मीठ पातळ रसात पूर्ण शिजवलं. मग गॅस अगदी मंद. पळीभर गरम रस्सा जाड रसात मिसळला, नंतर तो बारीक धारेने पातेल्यात. कडेला बारीक बुडबुडे दिसताच गॅस बंद, झाकण नाही. जाड रसाला उकळी आली की त्यातली प्रथिनं आकसतात आणि तेल सुटतं. आंबटाने ते आणखी लवकर होतं. म्हणून कोकमाचं आगळ पातेलं उतरवून, थोडं निवल्यावर.

दुसऱ्या दिवशी गरम करतानाही उकळी नकोच.