लिकेजचं भांडण: आधी माणूस बघा, मग पाइप

मी सोसायटीची सेक्रेटरी. पार्किंगपेक्षाही जास्त भांडणं येतात ती लिकेजची. खालच्यांच्या बाथरूमचं छत गळतं आणि वरचे म्हणतात, "आमच्याकडे तर सगळं कोरडं आहे." अशा वेळी प्लंबरला फोन करण्याआधी समोरचा माणूस कोणत्या जातकुळीतला आहे ते ओळखा.

आरडाओरडा करणाऱ्याशी जिन्यात बोलू नका. प्रेक्षक मिळाले की आवाज चढतो. ऑफिसात बसवा, मध्ये न तोडता ऐका आणि मग विचारा, "डाग पहिल्यांदा कधी दिसला? कुठल्या कोपऱ्यात?" तारीख आठवायला लागली की पारा उतरतो.

गप्प बसणारे जास्त अवघड. तक्रार करत नाहीत, नुसतं मेंटेनन्स भरणं बंद करतात आणि वार्षिक सभेत सगळं उकरून काढतात. त्यांच्या घरी स्वतः जा, डाग बघा, फोटो काढा.

"हो हो, करून घेतो" म्हणणाऱ्यांना मी सगळ्यात जास्त घाबरते. त्यांना फक्त तुम्ही दारातून जायला हवे असता. "प्लंबर कुठल्या वारी येणार?" असं विचारा आणि तिथेच उभं राहून व्हॉट्सअ‍ॅपवर टाका. पत्रं लिहिणाऱ्यांना पोच द्या, निम्मं काम होतं.

थॉमस आणि किलमन या अमेरिकी अभ्यासकांनी १९७४ साली वाद हाताळण्याच्या पाच तऱ्हा मांडल्या: भिडणं, टाळणं, नमतं घेणं, मधला मार्ग काढणं आणि मिळून तोडगा शोधणं. मधला मार्ग ऐकायला शहाणपणाचा वाटतो, पण लिकेजमध्ये तो फसवा. पाणी कुठून येतंय हे न कळता खर्च निम्मा-निम्मा केला, तर पैसे जातात आणि छत गळतच राहतं.

म्हणून आधी चाचणी. वरच्या बाथरूमची नहाणी ट्रॅप (जमिनीतलं पाणी जाण्याचं तोंड) कापडाने घट्ट बंद करा, जमिनीवर रंगीत पाणी साठवा, एक दिवस ठेवा. भरताना आणि बघताना दोन्ही घरची माणसं हजर हवीत. नाहीतर "तुम्हीच ओतलंत" हे ऐकावं लागतं. खाली रंग उतरला तर प्रश्न मिटला: आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमावलीप्रमाणे, संडास-बाथरूम, सिंकच्या गळतीचा खर्च त्या सभासदाचा, गच्चीतून पावसाचं पाणी मुरत असेल तर सोसायटीचा.

रंग मात्र बेतानेच टाका. वरच्यांच्या टाइल्सच्या फटी लाल झाल्या, तर पुढचं पत्र तुमच्याच नावाने येईल.