मागच्या चाकाचे स्टड बदलताना या चुका टाळा

पंक्चर काढून झाल्यावर दुकानदाराने मामांच्या गाडीचे नट एअर गनने करकचून आवळले होते. पुढच्या वेळी चाक सोडवायला गेलो, तर एक स्टड, म्हणजे नट ज्यावर बसतो तो आट्यांचा दांडा, पिळवटून तुटला. गॅरेजमध्ये नवीन स्टड टाकून घेतला आणि साताऱ्याला निघालो. खंबाटकी ओलांडेपर्यंत मागून ठकठक ऐकू यायला लागली. गाडी बाजूला घेऊन पाहिलं, तर नव्या स्टडवरचा नट चक्क बोटांनी फिरत होता आणि शेजारचाही सैल झाला होता. घरी आल्यावर ब्रेकचा ड्रम काढला तेव्हा कारण दिसलं: स्टडचं डोकं हबला, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागाला, मागून टेकलेलंच नव्हतं. चांगली दोन मिलिमीटरची फट होती.

सगळ्यात घातक चूक हीच, कारण ती लपून राहते. स्टडच्या मानेला दातेरी भाग असतो आणि तो हबच्या भोकात घट्ट दाबून बसतो. अर्धवट बसलेल्या स्टडवर नट आवळला की पाना जड लागतो आणि आपल्याला वाटतं, चाक आवळलं. खरं तर तो जोर दातांच्या घर्षणात जिरलेला असतो. गाडी खड्ड्यांतून गेली की स्टड आणखी थोडा आत सरकतो आणि नट आपोआप सैल पडतो. म्हणून चाक चढवण्याआधी विजेरी घेऊन मागून बघाच. डोक्याखाली ब्लेडचं पातं जात असेल, तर स्टड बसलेला नाही.

तो ओढून बसवायची पद्धत सोपी आहे. समोरून स्टडवर तीन-चार जाड वॉशर घाला, वॉशरच्या मध्ये थोडं ग्रीस लावा आणि एक जुना नट उलटा, म्हणजे सपाट बाजू आत ठेवून, हातपान्याने हळूहळू आवळत न्या. डोकं टेकलं की पाना एकदम अडतो. चाकाचा नवा नट या कामाला वापरू नका, आणि चाक लावून त्याच्याच जोरावर स्टड ओढायचा तर मुळीच नाही. ॲलॉय व्हीलची नटाची बैठक त्यात खराब होते.

जुना स्टड काढताना हातोडा हाणायचा मोह होतो. हब गाडीवर असताना मारलेला प्रत्येक घाव बेअरिंगला बसतो. गोळ्यांचे वण कड्यांवर उमटतात आणि थोड्याच दिवसांत मागून घूंऽऽ असा आवाज सुरू होतो. प्रेस किंवा सी-क्लॅम्पने दाबून काढा. काही छोट्या गाड्यांत स्टड आणि बेअरिंग ड्रममध्येच असतात. तिथे अख्खा ड्रम काढून प्रेसवर नेता येतो, फक्त परत बसवताना मधला मोठा नट नवा घाला. स्टड मागच्या पत्र्याला अडत असेल, तर हब फिरवून मोकळी जागा शोधा. ती सापडलीच नाही, तर हब उतरवा. नव्या स्टडचं डोकं घासून बारीक करणं म्हणजे त्याची ताकदच काढून घेणं.

ड्रम निघत नसेल, तर आधी हँडब्रेक सोडलाय का ते बघा. हँडब्रेक सोडायचाच असल्यामुळे गाडी धरून ठेवायची जबाबदारी पुढच्या चाकांच्या ठोकळ्यांवर येते. बोलेरोसारखी मागच्या चाकांवर चालणारी गाडी असेल, तर गिअरच्या भरवशावर राहू नका. एक मागचं चाक उचललं की डिफरन्शियल (दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची पेटी) त्याला मोकळं फिरू देतं आणि गाडी सरकू शकते. ठोकळे दोन्ही बाजूंनी लावा, गाडी स्टँडवर ठेवा. नुसत्या जॅकवर हे काम करू नका, हात जोडून सांगतो.

स्टड विकत घेताना जुना सोबत न्या. मारुतीच्या बहुतेक छोट्या गाड्यांत १२ मिलिमीटर जाडीला १.२५ चे आटे (म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर १.२५ मिलिमीटर) असतात, ह्युंदाई आणि होंडात १२ ला १.५ चे. दिसायला दोन्ही सारखेच. चुकीचा नट दोन-तीन आटे जातो, मग अडतो आणि गनने रेटला की नट-स्टड दोघांचे आटे जातात. दातेरी भागाची जाडी आणि लांबीही जुन्याशी ताडून बघा. नवा स्टड भोकात हाताने सहज सरकत असेल, तर भोक मोठं झालंय. अशा वेळी वेल्डिंगचा टाका मारून देणारे भेटतात. नाही म्हणा. त्या उष्णतेने स्टडचं पोलाद कमजोर होतं, बेअरिंगचं सीलही जळू शकतं. तिथे हब किंवा ड्रमच बदलायला हवा.

एक स्टड तुटला असेल, तर शेजारच्या दोघांनी त्याचा भार सोसलेला असतो. तेही बदला, खर्च फार नाही.

शेवटी चाक लावताना हबवरचा गंज तारेच्या ब्रशने साफ करा. आट्यांना तेल लावू नका. गाडीच्या पुस्तिकेतला टॉर्क, म्हणजे नट किती जोराने आवळायचा तो आकडा, कोरड्या आट्यांचा असतो. तेलावर तोच आकडा गाठला, तर स्टड गरजेपेक्षा कितीतरी जास्त ताणला जातो. नट समोरासमोर, आडव्या क्रमाने, टॉर्क रेंचने आवळा. मग ५० ते १०० किलोमीटर झाले की चाक गार असताना पुन्हा एकदा रेंच लावा. नव्या स्टडवरचा नट जराही फिरला, तर चाक काढून स्टडचं डोकं परत मागून बघा.